कंदाहारच्या बाई

आमच्या इतिहासाच्या बाईंना लढायांचा मनापासून कंटाळा होता. वर्गात कोणी तोफा-घोडे सुरू केले, की त्या मध्येच थांबवून विचारत, "ते राहू दे. राजाची आई तेव्हा काय करत होती?" पुस्तकात आईचं नावही नसे. आम्ही पानं उलटत बसायचो, बाई खूश.

बाई सायखेड्याच्या शेतकरी घरातल्या, फार तर मनमाडपर्यंत गेलेल्या. तरी मुलींनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'कंदाहारच्या बाई'. कुठल्याशा पुस्तकात त्यांनी वाचलं होतं, की तिकडच्या एका पश्तून, म्हणजे पठाण, सरदाराची आई कवयित्री होती. तीनेकशे वर्षांपूर्वीची गोष्ट. ती मुलांना शिकवायची, वेळ आली तेव्हा तलवार घेऊन गढी राखायला उभी राहिली म्हणतात. लोक अजून तिला आजी म्हणतात, पण कविता मात्र जेमतेम उरल्या. ती उरलेली कविता ऐकल्याशिवाय बाईंना चैन पडेना. सुक्यामेव्याच्या दुकानात पठाणी कुर्ता दिसला म्हणून त्यांनी त्या माणसालाच गाठलं. तो निघाला मालेगावचा. बिचाऱ्याने कवितेऐवजी अंजिरांचा भाव कमी केला.

निवृत्तीनंतर बाई सातपूरला आमच्याच इमारतीत राहायला आल्या. मी तोवर जवळच्या कारखान्यात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं काढायला लागले होते. बाईंनी एक खोली भाड्याने दिली आणि तिथे आली नाशकात कॉलेजात शिकणारी अफगाण मुलगी, पलवशा. सामान उतरायच्या आत बाईंनी तिला कवयित्रीबद्दल विचारलं. पलवशाला स्वतःच्या आजीने शिकवलेल्या त्या कवयित्रीच्या दोन ओळी पाठ होत्या. त्या ऐकताना बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अर्थ नंतर," त्या म्हणाल्या, "आधी परत म्हण." पुढे बाई त्या ओळी सायखेडी थाटात म्हणत आणि पलवशा हसून लोळत असे.

मला वाटलं, शोध संपला. पण बाईंचा प्रश्न तयारच होता. आजीने तुला शिकवलं, तू कोणाला शिकवणार? पलवशाने धाकट्या बहिणीचं सांगितलं. तिकडे मोठ्या मुलींच्या शाळा बंद झाल्या होत्या, बहीण घरात बसून होती. बाई एरवी शुद्ध बोलत, पण चिडल्या की गावाकडचं बोलणं बाहेर येई.

"तीनशे वर्षांमागची धुंडत बसले मी," त्या म्हणाल्या. "ही तर आत्ताची हाय. हिला कोण शिकवनार?"

दुसऱ्या दिवसापासून फोनवर त्या बहिणीचा इतिहासाचा तास सुरू झाला. दोघींचंही हिंदी सिनेमातून उचललेलं. नेट गेलं की बाई फोनलाच रागवत आणि मला हाक मारत. त्यामुळे ती मुलगी मलाही ओळखू लागली. पलवशा पुढे शिकायला दुसऱ्या देशात गेली, तास मात्र चुकला नाही.

गेल्या हिवाळ्यात बाई झोपेतच गेल्या. मला फार पोरकं वाटलं. पलवशाला कळवायचा धीर होत नव्हता. बाईंचं घर आवरत होते, तेवढ्यात तासाच्या वेळेला त्यांचा फोन वाजला. मी उचलला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगून टाकलं. पलीकडे पलवशाची बहीण बराच वेळ रडत होती. मीही रडले.

मग मला काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, मला बाईंसारखा इतिहास येत नाही गं.



"मॅथ्स आता है?" तिने विचारलं.