खिळेमास्तरांचं ‘सावधान’

खिळेमास्तरांना गोल अक्षराचा राग होता. लग्नपत्रिकेवरचं वळणदार अक्षर पाहूनही ते तोंड वाकडं करत. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा ते धोक्याच्या पाट्या बनवत, आणि त्यांची अक्षरं इतकी अणकुचीदार असत की आम्ही भंडाऱ्याकडच्या गड्यांनी त्यांचं नाव खिळेमास्तर ठेवलं.

मी गॅस कटर चालवायचो. मास्तर लोखंडी पत्र्यावर खडूने अक्षर आखत, मी ते कापत असे. ‘व’चं पोट त्रिकोणी, ‘ध’ला विळ्याचं टोक. एकदा मी म्हणालो, “मास्तर, जरा तरी वळण द्या.” तर म्हणतात, “गोल अक्षरावरून नजर घसरते ना बाप्पा. कोपरा कसा, डोयात रुतून बसते.” ते मला पटलं होतं, पण तसं सांगून त्यांना डोक्यावर कोण चढवणार?

झोतभट्टीच्या पायाचा एक खड्डा फार खोल होता. ठेकेदार कठडा लावतो लावतो म्हणत दिवस काढत होता. शेवटी मास्तरांनीच काठावर त्यांची सर्वांत मोठी पाटी रोवली. पिवळ्यावर काळं ‘सावधान’, अक्षरं पाटीपासून बोटभर पुढे आलेली. उन्हं कलली की ती पाटीवरून उतरून आपल्याकडे निघाल्यासारखी वाटत. अक्षरांमागच्या फटींतून वारा शिरला की कुणीतरी कण्हत असल्यासारखा आवाज येई. तिथून जाताना मी बिडी विझवायचो. का, ते आजही सांगता येणार नाही.

एका सकाळी पाटीला शेंदूर फासलेला दिसला. आसपासच्या गावांतून आलेल्या मजुरांना वाचता येत नव्हतं. एवढं भेसूर रूप म्हणजे खड्ड्याचा राखणदार देवच, असं त्यांनी ठरवून टाकलं. ज्यांनी लांब राहायचं तेच काठाशी येऊन हात जोडू लागले. माती वाहणारी फुलबाई तर रोज संध्याकाळी खांबाशी दिवा लावी. मास्तरांनी शेंदूर खरवडला, टोकं आणखी धारदार केली. भक्ती उलट वाढली.

“लोकाले दूर ठेवाले बनवलं, अन् हे त्याईले बोलावून राहिलं,” मास्तर म्हणाले. “मलेच आता याचं भेव लागते.”

पाटी काढावी तर खड्डा उघडा, ठेवावी तर जत्रा. मग सुटीचा भोंगा झाला की ते स्वतःच तिथे उभे राहू लागले. फुलबाईला बरंच अलीकडे अडवत. “बाई, यहीं से हाथ जोड़. आगे मत जा.” ती हसून बाजूने निसटायची.

मे महिन्यात एका संध्याकाळी आंधी आली. धुळीत हातभर अंतरावरचं दिसेना, फक्त ते कण्हणं ऐकू येत होतं. फुलबाईने नंतर सांगितलं, तिचा पाय काठावरून सरकला तेव्हा कुणीतरी दंड धरून तिला मागे ओढलं. धूळ बसली तेव्हा ती जमिनीवर बसलेली होती, पाटी जागेवर होती आणि मास्तर खड्ड्यात होते. त्यांना वर काढलं तेव्हा जीव उरला नव्हता. चार माणसांसमोर मी लहान पोरासारखा रडलो.

त्यानंतर मात्र कठडा लगेच आला. पाटीही काढली. आता देवाचं खूळ संपलं असं मी धरून चाललो होतो, तर एका संध्याकाळी फुलबाई पुन्हा दिवा लावताना दिसली. माझं डोकं फिरलं.

“देव तो गया. अब किसको दीया जला रही है?”

“मास्टर ला,” ती म्हणाली.

दिवा कठड्यापासून बराच अलीकडे होता, मास्तर तिला अडवत तिथेच. हात जोडून ती तिथूनच माघारी वळली.