पडदा आधी का पडला?

सव्वीस वर्षांत नाटकमंडळीतल्या पडदेमामांनी पडदा कधी पळभर लवकर पाडला नव्हता की उशिरा. घरी खिडकीचा पडदासुद्धा ते असा सावकाश सरकवायचे की मामी म्हणायच्या, "अहो, ऊन यायचंय आत, नायक नव्हे!"

वर गेलेल्या पडद्याचा दोर खुंटीला गुंडाळून ठेवायची रीत असते. पण शेवटच्या प्रवेशात मामा तो सोडवून दोन्ही हातांत धरून उभे राहायचे. "वेढे सोडेपर्यंत सगळा रंग जातो," म्हणायचे.

आणि त्या रविवारी दुपारी, खलनायकाने आपल्या लांबलचक भाषणासाठी तोंड उघडलं मात्र, धाडकन पडदा खाली! तोंड उघडं ते उघडंच. प्रेक्षकांना वाटलं, संपलं नाटक. टाळ्यांचा नुसता पाऊस.

लगेच रंगमंचावरच चौकशी बसली. नाटक बसवणाऱ्या आणि मंडळी चालवणाऱ्या बाईंच्या हातात विजेच्या पडद्याचं माहितीपत्रक होतं. चूक मामांची निघाली, तर दोराच्या जागी बटण येणार आणि मामा घरी बसणार.

"दोष माझाच," नायक केस सावरत म्हणाला. "माझं वाक्यच असं पडलं की पुढे नाटक उरलंच नाही. मामांनी तरी काय करावं?"

"तुझं वाक्य? अरे, अर्धं गिळलंस ते!" खलनायक उसळला. "बाई, हा कट आहे. मध्यंतरात यानं मामांना स्वतःच्या हातानं चहा दिला. सहा वर्षांत मला साधं पाणी विचारलं नाही!"

नायकाच्या आईचं काम करणाऱ्या ताई मुंगीलासुद्धा वाट करून देणाऱ्या. त्या हळूच म्हणाल्या, "माझा पदर दोरात अडकला हो."

"ताई, तुम्ही पार दुसऱ्या टोकाला होतात," बाई म्हणाल्या.

"पदर लांब आहे ना."

मामांना हसू आवरेना. तिघांनी सांगितलं पडद्याबद्दल, पण जो तो उघडा पडला होता स्वतःच.

"हसताय काय, मामा? चहा की पदर?" बाईंनी विचारलं.

नुसतं 'पदर' म्हटलं असतं, तरी दोर वाचला असता. मामांनी ताईंकडे पाहिलं.

"टाळी वाजवली मी," ते म्हणाले. "ताईंनी लेकाला ओळखलं आणि ओळख दिली नाही, आज काय केलं हो त्यांनी! राहवलंच नाही. एका हातानं वाजत नाही ना टाळी, बाई."

मग नायक रडवेला होऊन म्हणाला, "म्हणजे माझ्या वाक्याला नव्हती?"

त्यावर जो हशा उसळला, त्यात खलनायकही सामील झाला. बाईंनी डोळे पुसले आणि माहितीपत्रकाने वारा घेत फर्मावलं, "टाळी आली, की आधी दोर खुंटीला. मग वाजवा हवी तेवढी."

पुढच्या रविवारी सगळे नट तिरके उभे! सगळ्यांचे डोळे मामांच्या खुंटीवर. समोरच्या विंगेतून बाई दबक्या आवाजात ओरडत होत्या, "अहो, प्रेक्षक तिकडे बसलेत!"

खलनायकाचं भाषण निम्म्यावर आलं, आणि मामांनी शांतपणे दोराचे दोन वेढे खुंटीला घातले.