दारावरची पाटी

प्रयोगशाळेच्या दारावरची पाटी तिथल्या तंत्रज्ञाने, एलॉय ताफोयाने, स्वतः रंगवली होती: ‘प्रयोग चालू. दार उघडू नका. ठोठावू नका.’ लिफ्ट कोणी वापरू नये म्हणून तिच्यापुढे दोरही तोच बांधायचा. लिफ्टचं लोखंड हललं की चुंबकाचं क्षेत्र सरकतं, दार उघडलं की खोलीची हवा बदलते, आणि सगळं काम वाया. चुंबक त्याच्या ताब्यात होता. आत जाताना पट्टा, घड्याळ, किल्ल्या बाहेर, हत्यारं पितळी. पहारेकरी टिमोतेओ त्याला ‘पितळीबुवा’ म्हणायचा.

चुंबकाच्या पोटात काचेची नळी, नळीत थोडा द्रव. त्यातल्या अणूंची केंद्रकं एकमेकांकडे बघून वागायची. एक उभं असेल तरच शेजारचं उलटायचं. या उलटण्यातून प्रोफेसर हॅल्डरसनना क्वांटम गेट, म्हणजे नव्या तऱ्हेच्या संगणकाचा पहिला घटक, घडवून दाखवायचं होतं.

मार्चमधल्या त्या शुक्रवारी एलॉयची आई डोंगराखाली एस्पान्योला गावच्या इस्पितळात होती.

“काम संपलं की येतो,” तो बहिणीला, बेर्नादिताला, फोनवर म्हणाला.

“चुंबकाला जरा ऊब लागली की धावतोस. आईला ताप आलाय, एलॉय.”

“आज पहिल्यांदाच सगळं जुळून आलंय. दार सांभाळायला दुसरं कोणी नाही.”

काम साधलं. एलॉय हसत बाहेर आला. बेर्नादिता पायरीवर बसली होती, कोट न काढता. टिमोतेओ टोपी हातात घेऊन उभा.

“मी ठोठावणार होते,” ती म्हणाली. “यानं हात धरला.”

“पाटी तूच लावलीस ना,” टिमोतेओ म्हणाला. “मागं मी दार उघडलं, तर चारचौघांत माझी खरडपट्टी काढलीस.”

“आई तुझं नाव घेत होती. मी म्हटलं, घेऊन येते त्याला.”

दोघं डोंगर उतरून पोचेपर्यंत आई गेली होती. त्यानंतर बेर्नादिता त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली.

हिवाळ्यात बाहेरगावचे एक शास्त्रज्ञ आले. एलॉय चुंबक थंड ठेवणारं हेलियम भरत होता. “हे कसलं गेट?” ते हॅल्डरसनना म्हणाले. “गेटची नक्कल. एवढं माझ्या घरचा संगणकही करतो.”

“नक्कलच आहे,” हॅल्डरसन हसले. “जमली, एवढंच.”

पाहुणे गेल्यावर एलॉयने विचारलं, “त्या दिवशी मध्येच दार उघडलं असतं तर?”

“कोणत्या दिवशी?”

“मार्चमध्ये. पहिल्यांदा जमलं तेव्हा.”

“मग काय, मंगळवारी पुन्हा केलं असतं. नळी कुठे पळून जात होती?”

एलॉयने हेलियमची नळी काढली, झाकण घट्ट केलं. पाटी तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी प्रयोग होता.

आईच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेनंतर बेर्नादिताने पोसोले, मक्याचा रस्सा, वाढला. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती त्याच्यासमोर थांबली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

“खरं सांग. तेव्हा काम बिघडलं असतं, तर ते पुन्हा झालं नसतं ना?”

एलॉयने टॉर्टियाच्या पोळीचा तुकडा मोडला.

“नसतं,” तो म्हणाला.

“मग ठीक आहे.” तिनं त्याच्या वाडग्यात आणखी एक पळी ओतली.

 त्यानं वाडगा पुसून संपवला.