आमसुलाचे चार शुक्रवार

शुक्रवार, २४ नोव्हेंबर १९६१. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी हसाजी रोहेकर नवगावातल्या एका पडवीत उभे राहून चमचाभर काळसर लाल रस जिभेवर घोळवत होते. गिळून झाल्यावर ते घरच्या बाईंना म्हणाले, "लवंग जास्त झाली."

"मागल्या खेपेला म्हणालात, लवंग कळतच नाही. जिभेचं एक काय ते ठरवा की, मामा!"

हसाजींचं मूळ काम कोंबड्या कापण्याचं. कुलाबा जिल्ह्याच्या या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल, म्हणजे इथले ज्यू लोक, धर्माच्या रीतीनं कापलेलीच कोंबडी खात, आणि ती रीत हसाजी शिकलेले होते. दर शुक्रवारी सुरी घेऊन ते अलिबागहून सायकलनं निघत आणि किहीम, नवगाव, थळ करत दिवस बुडायच्या आत घरी परतत. दिवस बुडाला की शब्बाथ, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याचा दिवस लागतो, आणि घरोघर द्राक्षाच्या रसावर आशीर्वाद म्हणतात. दारूबंदी यायच्या आधीही इथं कुणी वाइन विकत आणत नसे. काळ्या मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून पिळायच्या. कोंबडी घेऊन आलेली बाई चमचाही पुढे करी. तीस वर्षांत हसाजींना गावांच्या चवी पाठ झाल्या होत्या. किहीमचा रस दाट, नवगावचा मसाल्याचा, थळचा पातळ आणि स्वच्छ. आंबलेला असला तर ते ओतून द्यायला लावत. मनुका आणि दारू यांतला फरक फौजदाराला समजावत बसायची त्यांची तयारी नव्हती.

त्या दिवशी त्यांच्या खिशात एक कार्ड होतं. थळच्या मलकाबाईंचा मुलगा शालोम याचं, मुंबईहून आलेलं. तो जानेवारीत बायकामुलांसह इस्राएलला निघाला होता. विधवा आई थळ सोडायला तयार नव्हती. शेवटी दोघांत ठरलं होतं की, शब्बाथ तिचा तिला नीट पाळता येतो तोवर ती इथं राहील. नाहीतर मुलाबरोबर जाईल. शालोमनं लिहिलं होतं, "तिचे डोळे गेले. ती मला खरं सांगणार नाही. तुम्ही पाहून कळवा."

तीन वाजता ते थळला पोचले. मलकाबाईंनी महिना-दीड महिना कोंबडी कापायला दिली नव्हती, त्यामुळे त्यांच्या घरी ते आज बऱ्याच दिवसांनी आले होते. मलकाबाई पडवीत बसल्या होत्या. शेजारची गोदू, शेतावरून आलेली, केसांत भाताचं तूस, आतून पेला घेऊन आली.

"चाखा, मामा. आजीला दिसत न्हाय, म्हून आता मीच करतंय."

हसाजींनी घोट घेतला. रंग बरोबर होता. आंबटपणाही चालला असता. पण मागून हलकंसं मीठ लागलं. मनुकांना मीठ नसतं. मिठात वाळवतात ती आमसुलं.

"मनुका कुठून आणल्यास?"

"मनुका कंच्या? मळणी चाललीय, अलिबागंला कोन जानार? घरची आमसुलं हायेत की. लाल ते लाल!" गोदू हसली आणि भात आवरायला गेली.

हसाजींनी पेला खाली ठेवला. आमसूल द्राक्ष नव्हे. त्यावर तो आशीर्वाद चालत नाही. खोटं लिहिणं त्यांना जमणारं नव्हतं. खरं लिहिलं तर जानेवारीत हे घर बंद होणार होतं.

"काय रे हसाजी?" मलकाबाई म्हणाल्या. "खारट लागलं ना?"

"तुम्हाला ठाऊक आहे, मावशी?"

"डोळे गेलेत. जीभ शाबूत आहे. चार शुक्रवार झाले."

"मग आशीर्वाद कशावर म्हणता?"

"रस नसेल तेव्हा कशावर म्हणतात? तूच शिकलेला ना?"

"भाकरीवर."

"गव्हाची लागते. मी चपाती करते. तिच्यावर म्हणते, मग खाते. गोदूचं आमसुलाचं पाणी मागाहून पिते. बरं लागतं." आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "तिला बोलू नकोस हां. दिवसभर भात झोडते आणि माझ्यासाठी फडकं पिळत बसते."

हसाजींनी खिशातून कोरं कार्ड काढलं आणि सायकलच्या सीटवर टेकवून लिहिलं, "शालोम, तुझ्या आईचा शब्बाथ नीट चालला आहे. नियम तिला माझ्याइतकेच येतात. मनुका यापुढे मी आणीन." पिशवीत स्वतःच्या घरासाठी घेतलेल्या पावशेर मनुका होत्या. त्यांनी गोदूला हाक मारली.

"या आजच गरम पाण्यात घाल. यांचाच रस करायचा असतो. माझ्याकडे जास्त आहेत."

"मंग माजी आमसुलं फुकट?"

"फुकट कशी? मावशींना आवडतात. जेवण झालं की तेच पाणी दे."

"आवडतात व्हय गो, आजी?"

"नाहीतर चार वेळा प्याले असते का?" मलकाबाई म्हणाल्या.

चार वाजता हसाजींनी कार्ड पेटीत टाकलं आणि सायकल अलिबागकडे वळवली. घरी त्यांना आज चपातीवरच आशीर्वाद म्हणावा लागणार होता.

उद्या शनिवार, म्हणजे शब्बाथच; विस्तव पेटवायचा नसतो. मलकाबाईंच्या घरी चूल पेटत नाही. सकाळी साडेसहाला गोदू आपल्या घरून त्यांचा चहा घेऊन येते.