धवला हवा, आई नको

‘म्हणजे भटजीसुद्धा नाही? मग तुझ्या आईवडलांचं लग्न लागलं तरी का?’

बाईंनी हे भर वर्गात विचारलं. पनवेलच्या कॉलेजात, अकरावीच्या इंग्रजीच्या तासाला. वर्ग खदाखदा हसला. बाईही हसल्या.

आम्ही एक परदेशी गोष्ट वाचत होतो. त्यात एक म्हातारी गावातल्या नवरा-नवरीला गाणं गाऊन आशीर्वाद देते. तो भाग बाईंनी दोनदा वाचून दाखवला होता. ‘परक्या माणसाच्या घरात शिरून बघा,’ त्या नेहमी सांगायच्या, ‘गोष्ट त्यासाठीच असते.’ मला ते इतकं पटलेलं की मी आपणहून हात वर केला. सांगितलं, माझी आई आमच्या गावी, गव्हाणला, धवलारीण आहे. आमच्यात भटजी नसतो; तीच धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते आणि लग्न लावते. दोन ओळी गाऊनही दाखवल्या.

मी बाईंना माझ्या घरात बोलावलं होतं. त्या उंबऱ्यावरच थुंकल्या.

पुढे कॉलेजात परदेशी पाहुणे येणार म्हणून त्याच गोष्टीचं नाटक बसलं. म्हातारीचं काम मला. वाटलं, बाईंना चूक कळली. वेडीच मी! तालमीत त्या म्हणाल्या, ‘तुझ्या आईचं ते गाणं म्हण. चाल छान आहे. कुणी विचारलंच, तर गोष्टीतलंच आहे म्हणून सांग.’

म्हणजे धवला हवा होता. आई नको होती.

अंगाचा तिळपापड झाला. घासूनपुसून बोलायला शिकलेली शहरी भाषा कुठल्या कुठे गेली.

‘बाई, आयेचं नाव घ्यायचं नाय, त मी गानार पन नाय.’

‘आधी नीट बोल.’

‘आमी असंच बोलताव.’

आणि तालमीतून निघून आले. काम दुसऱ्या मुलीला गेलं. वर्ष संपेपर्यंत बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मार खाल्ला असता तर विसरले असते. पण बाई मला मनापासून आवडायच्या. इंग्रजीची गोडी त्यांनीच लावली, आणि दगाही त्यांनीच दिला. मी त्यांना माफ केलेलं नाही.

इंग्रजी मात्र सोडली नाही. ती काही त्यांच्या माहेरची नव्हती. आज मीही परदेशी गोष्टी शिकवते. शिकल्या-सवरल्या घरची मुलं समोर बसतात, परक्यांना समजून घ्यायला उतावीळ. मी आधी विचारते, परका कोण? आणि ते ठरवलं कुणी?

मुलं पुस्तकाकडे हात नेतात. मी थांबवते. याचं उत्तर दिल्याशिवाय माझ्या वर्गात कुणी पुस्तक उघडायचं नाही.