आडवा सात : कशेडीच्या अलीकडचा नकार

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. महाडला माझं औषधाचं दुकान आहे. डॉक्टरांची अक्षरं वाचून पोट भरणारा माणूस छापील ओळ चुकीची वाचेल, यावरही माझा विश्वास नव्हता. आता या दोन्हींपैकी एक काहीतरी सोडावं लागणार... म्हणूनच चिडून लिहितोय.

माझे मामा पोलादपूरजवळच्या एका वाडीत राहायचे. दर रविवारी पुरवणीत येणारं गूढ शब्दकोडं आम्ही फोनवर सोडवायचो — म्हणजे भांडायचो. मी उत्तर सांगितलं की पलीकडून ठरलेलं, "नाय बसत रे!" आणि बसलंच, तर कोडं रचणाऱ्याच्या नावाने ठणाणा. "ह्यांच्या कोड्यात सदा 'नाही'. आपला 'नाय' काय मराठी नाय?" घरातही नकाराचं खातं मामांकडेच होतं. पाहुणा असो, पुढारी असो की पोटचा पोरगा, 'नाय' म्हणायचं ते मामांनीच. मामीने उभ्या जन्मात कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मामा गेल्या वर्षी गेले. यंदा होळी आटोपली आणि त्यांचा मुलगा सुहास डोंबिवलीहून गाडी घेऊन आला, मामीला कायमचं न्यायला. मामी हो म्हणेना, नाही म्हणेना. सुहासचा मला फोन — "दादा, तू ये. तुझं ऐकेल ती." मीही त्याच्याच बाजूचा होतो हो! एकटी बाई, गुडघे धरलेले. रविवारची पुरवणी काखेत मारली आणि स्कूटर काढली.

लख्ख दुपार. पडवीत बॅगा भरून ठेवलेल्या आणि शेजारी मामी मोड आलेले वाल सोलत बसलेली. निघायच्या दिवशी कुणी बिरड्याचा घाट घालतं का? वाल दोन दिवस आधी भिजवावे लागतात... पण ही शंका मला तेव्हा आली नाही. माझी हुशारी कोड्यापुरतीच.

"मामी, तिकडे लिफ्ट आहे."

"हां."

"दवाखाना खालीच आहे."

"हां."

"नातीलाही सोबत होईल."

"हां रे."

माझे मुद्दे संपले. मी पुरवणी उघडली.

"दादा, तू समजवायला आलायस की कोडं सोडवायला?" सुहास उखडला.

"सोडवू दे रे त्याला," मामी म्हणाली. "मोठ्यानं वाच. हे वाचायचे तसं."

उभा सात सोपा होता : 'पाण्यातून नेते, ओळखही देते.' नाव. त्याच चौकोनातून आडवा सात सुरू होत होता. मी वाचलं, "कशेडीच्या अलीकडे असा नकार देतात; शेवटी क लावा, सगळ्यांच्या पुढे जाईल. तीन अक्षरं."

म्हणजे आधी 'ना', शेवटी 'क'.

"नाटक," सुहास म्हणाला.

"नाटकात नकार कुठाय? नाजूक असेल."

"नाजूक माणूस सगळ्यांच्या पुढे जातो? दाखव इकडे." त्याने पुरवणी ओढली, स्वतः वाचली, शब्द न् शब्द तोच. "कशेडी घाटाच्या अलीकडे म्हणजे आपणच की. आपण 'नाही'च म्हणतो ना?"

मामीने पदराला हात पुसले, चष्मा लावला, ओळीखाली बोट फिरवत वाचलं आणि खुदकन हसली.

"अरे, नाय!"

"काय नाही?"

"नाय रे! तुम्ही शिकलात आणि विसरलात. नाय, पुढं क. नायक."

मी चौकोन भरले आणि पेन आपटलं. बोलीतला शब्द घ्यायचा तर तशी काहीतरी खूण द्यावी की नाही? आणि हा शहाणपणा मामा असताना सुचला नाही यांना?

माझी टीका कोण ऐकतंय! मामी पुन्हा म्हणाली, "नाय." हळूच, आमटीची चव बघावी तसं. मग सुहासकडे वळली. "नाय रे बाळा. मी नाय येत."

"आई, बॅगा भरल्यात!"

"तू भरल्यास."

सुहास बिरडं-भात जेवला आणि बॅगा तिथेच ठेवून निघाला. जाताना मला म्हणाला, "छान समजावलंस!"

पुढच्या रविवारी उत्तरं आली. आडवा सात — गायक. उभा सात — गाव.

छपाईची चूक धरायला मिळाली, या आनंदात मी तडक मामीची वाडी गाठली. मामीने तिच्याकडेच राहिलेली गेल्या रविवारची पुरवणी फळीवर लोणच्याच्या बरणीखाली अंथरली होती. चौकोनांत माझ्याच अक्षरात नायक, नाव. आणि खाली छापलेलं : 'दुभत्या जनावराला शेवटी क लावा, सुरात येईल.' कशेडी कुठेच नाही. 'पाण्यातून नेते' तेही नाही. दुकानातल्या रद्दीतून दुसरी प्रत काढली, तिच्यातही दुभतं जनावरच!

सुहासला फोन केला. तो म्हणाला, "कशेडीच होतं, दादा. मी वाचलंय. हा विषय परत काढू नकोस."

बायको म्हणते, मामांच्या आठवणीने मला भास झाला. झाला असेल. पण सुहासला? मामीला? तिघांचे तीन चष्मे, तीन नंबर... उत्तर मला आजही सापडलेलं नाही. आणि कोडं अर्धवट राहिलं की माझं डोकं फिरतं.

उत्तरं आली त्या रविवारी मी ती पुरवणी मामीसमोर नाचवली होती. "मामी, आपलं उत्तर चुकलंय! 'नाय' नव्हतंच त्यात!"

तिने चौकोनांकडे पाहिलं. "ह्यात बसतंय ना पण?"

"बसतंय..."

"मग बसू दे," म्हणत तिने पुरवणी माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा बरणीखाली सारली.