दोन खोल्यांमधली भिंत

वाघमारे साहेब गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं. "मावशी, बाबा सकाळी गेले," एवढंच. फोन ठेवताना मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही... ती गोष्ट माहीत असलेलं आता आपल्याशिवाय कुणी उरलं नाही, असं आलं. महिना झाला, त्याची लाज जात नाही.

शिरवण्याजवळच्या एका रंगांच्या कारखान्यात ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख, मी ऑपरेटर. कपाटाएवढे कॉम्प्युटर असायचे तेव्हाची गोष्ट. साहेब मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेले, मोजकं बोलणारे. कामगारांच्या रक्ततपासणीचे निकाल दर महिन्याला मशीनमध्ये भरायचेच, हा आग्रह त्यांचा. "रंग अंगात भिनतो. उद्या माणूस आजारी पडला तर पुरावा कुठून आणेल?" म्हणायचे. एकदा मशीन चार दिवस बंद पडलं आणि कंपनीनं दुसरं, राखीव मशीन घ्यायला मंजुरी दिली. एक तर नवं घ्यायचं, शेजारच्याच खोलीत ठेवायचं. पहिलं पडलं की तासाभरात ते सुरू. नाही तर वाशीच्या ऑफिसातलं जुनं, संथ मशीन वापरायचं. पण मग रोज संध्याकाळी नोंदींची प्रत असलेली टेप तिकडं पोचवायला हवी. साहेबांचा कल वाशीकडं होता. मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "टेप रोज कोण नेईल?" वाशीला राहणारी मी एकटीच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. घरी माझं तान्हं मूल, शेजारणीकडं ठेवलेलं... मी वहीत बघत राहिले. "बरं. मग इथंच घेऊ," म्हणाले आणि त्यांनी सही केली.

दीडेक वर्षानं, भर दुपारी, खालच्या गोदामात आग लागली. माणसं सगळी बाहेर पडली. दोन्ही खोल्या, मधली भिंत, टेपांचं कपाट, काही राहिलं नाही. चौकशीत साहेबांनी लिहून दिलं, 'निवड माझी होती.' माझं नाव कुठंच नाही.

मग दर रविवारी ते गावोगाव कामगारांच्या घरी जायला लागले. तपासणीच्या चिठ्ठ्या कुणी ट्रंकेत, कुणी देवाच्या फोटोमागे ठेवल्या होत्या. त्यावरून पुन्हा नोंदी लिहायच्या. मीही जायचे. बहुतेकांच्या मिळाल्या. हिरू पाटील मात्र तेव्हा अंथरुणाला खिळलेला, पुरावा हवा होता तो त्यालाच. त्याची बायको म्हणाली, "सगला तुमच्या मशिनीन हाय, म्हनून आमी चिठ्ठ्या नाय जपल्या, सायेब." साहेब उंबऱ्यातच बसले. हिरूचा आजार कारखान्यामुळे झाला हे शेवटपर्यंत कुणी मानलं नाही. वर्षभरात तो गेला.

त्याच्या मातीहून परतताना मी कसंबसं बोलले, "साहेब, मी टेप नेऊ शकले असते." "मी विचारायला नको होतं," म्हणाले. "ठरवायला हवं होतं." पुन्हा तो विषय आमच्यात निघाला नाही. पण हिरूची बायको अजून कधी बाजारात दिसते, आणि मी रस्ता बदलते.

परवा साहेबांच्या घरी वहिनींना भेटायला गेले होते. तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ पत्र्याचा डबा घेऊन आले. "वाघमाऱ्यांनी माझ्याकडं ठेवायला दिला होता. आता तुम्हालाच..." डब्यात रेशनकार्डापासून मुलीच्या मार्कशीटपर्यंत घरातल्या प्रत्येक कागदाची प्रत होती, साहेबांच्या अक्षरात तारखा घातलेली. वहिनींनी वरचा कागद नीट केला, झाकण लावलं आणि डबा त्यांच्याच हातात परत दिला.

"तुमच्याकडंच असू द्या," त्या म्हणाल्या. "दोन्ही एका घरात नकोत."